जाते आणि जात नाही : बंदुकीच्या कारखान्यातून आलेले मोजमाप

छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबाद किल्ल्यावर शाळेची सहल गेली, की मुलांची गर्दी मेंढा तोफेपाशी होते. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याच्या मुंडक्याचा आकार दिला आहे, म्हणून लोकांनी तिला हे नाव दिले. तिच्यावरील लेखात मात्र तिचे नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, असे आहे आणि औरंगजेबाचाही उल्लेख आहे. तोफ केवढी, गोळा किती लांब जात असे, असे प्रश्न मुले विचारतातच. आपण त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न ठेवू या. या नळीत नेमका बसेल असा गोळा त्या काळच्या कारागिराने कसा केला असेल? तो बसेल की नाही हे त्याला आधीच कसे कळत असेल?

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधता शोधता माणूस तोफेपासून रायफलीपर्यंत, रायफलीपासून शिवणयंत्रापर्यंत आणि तेथून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या स्कूटर-मोटारसायकलींच्या सुट्या भागांपर्यंत येऊन पोहोचला.

एक तोफ, तिचे गोळे

जुन्या तोफा ओतीव असत. मातीचा साचा करायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा आणि धातू थंड झाल्यावर साचा फोडायचा. साचा एकदाच उपयोगी पडे, त्यामुळे दोन तोफा तंतोतंत सारख्या होत नसत. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे निजामशाहीत ओतली गेली. मुहम्मद बिन हसन रूमी हा तिचा कर्ता. तिच्या नळीचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आहे. अशा तोफेला दुसऱ्या तोफेचा गोळा चालेल, ही अपेक्षाच करता येत नसे.

गोळा नळीपेक्षा थोडा लहान हवा, पण किती लहान? तो फार लहान असेल तर दारूचा वायू फटीतून निसटतो, गोळ्याला जोर मिळत नाही आणि तो नळीत आपटत वेडावाकडा बाहेर पडतो. तो फार मोठा असेल तर आत जातच नाही किंवा अर्ध्यावर अडकतो. अडकलेल्या गोळ्यामागे दारू पेटली तर तोफच फुटते आणि मरतात ते तोफ डागणारे. म्हणजे येथे ‘बरोबर माप’ ही एकच संख्या नाही. दोन मर्यादांमधला तो एक पट्टा आहे. खालच्या मर्यादेपेक्षा लहान चालत नाही, वरच्या मर्यादेपेक्षा मोठा चालत नाही, आणि मधले सगळे चालतात.

ही कल्पना अठराव्या शतकात फ्रान्सच्या तोफखान्याने शिस्तीने अमलात आणली. ग्रिबोव्हाल या सेनाधिकाऱ्याच्या १७६५ पासूनच्या सुधारणांत गोळे तपासण्यासाठी लोखंडी कड्यांची जोडी वापरली जाई. मोठ्या कड्यातून गोळा कोणत्याही बाजूने फिरवला तरी गेला पाहिजे आणि लहान कड्यातून कोणत्याही बाजूने जाता कामा नये. तपासणाऱ्याला आकडे वाचता यायची गरज नव्हती. ‘जातो’ आणि ‘जात नाही’ एवढे दोनच निकाल त्याला द्यायचे होते.

आपल्या स्वयंपाकघरात हीच युक्ती फार जुनी आहे. रवा चाळताना पीठ चाळणीतून खाली जाते आणि रवा वर राहतो. मग रव्यासाठी मोठ्या भोकांची चाळण घेतली, की रवा खाली येतो आणि भरड वर राहते. दोन चाळण्यांच्या मधे जे सापडते तो आपला रवा. ग्रिबोव्हालची दोन कडी म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या दोन चाळण्याच होत्या.

सुट्या भागांची रास

तोफेचा गोळा हा एकच भाग असतो. बंदुकीच्या चापाच्या यंत्रणेत स्प्रिंगा, कळा, स्क्रू असे अनेक भाग एकमेकांत बसतात. ठिणगीच्या बंदुकांच्या काळात कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी जुळवीत असे. महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉयन्यने कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा-बंदुका तयार होत. युरोपातही तेव्हा बंदुका अशाच हाताने जुळवून होत असत. बंदूक उत्तम होई, पण रणांगणावर तिची एक कळ मोडली तर दुसऱ्या बंदुकीची कळ तिला लागत नसे.

ओनोरे ब्लां या फ्रेंच बंदूककाराने हे बदलायचे ठरवले. १७८५ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे फ्रान्समधील वकील थॉमस जेफरसन त्याच्याकडे गेले. ब्लांने सुट्या भागांची रास त्यांच्यापुढे ठेवली. हाताला येईल तो भाग उचलून जेफरसन यांनी स्वतः काही यंत्रणा जुळवल्या आणि त्या चपखल बसल्या. हे सारे त्यांनी त्याच वर्षी आपल्या सरकारला पत्राने कळवले.

पुढची गोष्ट अनेक पुस्तकांत एली व्हिटनीच्या नावावर सांगितली जाते. त्याने १७९८ मध्ये अमेरिकी सरकारशी १०,००० बंदुकांचा करार केला आणि १८०१ मध्ये सुट्या भागांचे प्रात्यक्षिकही दाखवले. पण इतिहासकारांनी त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांना लागत नाहीत असे आढळले. करार पुरा व्हायलाही १८०९ साल उजाडले. व्हिटनीने कल्पनेचा प्रचार केला, पण ती खरोखर साधली ती हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात जॉन हॉल याने. त्याच्या रायफलींची १८२० च्या दशकाच्या अखेरीस तपासणी झाली. रायफली सुट्या करून भाग मिसळले, पुन्हा जुळवले आणि ते जुळले. हॉलने एकेका भागासाठी वेगवेगळी गेजे केली होती. त्यांची संख्या साठाच्या वर होती. पुढे १८३४ मध्ये सिमिऑन नॉर्थच्या दूरच्या कारखान्यातील भागही हॉलच्या रायफलींना लागू लागले. दोन गावांतील दोन माणसे एकमेकांना न भेटता एकच वस्तू करू शकत होती. त्यांच्यामधला दुवा होता तो गेजांचा.

याची किंमत कोणी दिली, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. पूर्वी भाग ‘बसला’ की नाही हे कारागिराचा हात आणि डोळा ठरवीत असे. आता ते पोलादाचा एक तुकडा ठरवू लागला. कामाचे तास, हजेरी, तपासणी हे सारे त्याच्यामागून आले. अनेक जुन्या कारागिरांना हा आपला अपमान वाटला. हार्पर्स फेरीचा कारखाना तर शिस्त आणि कामगार यांच्या झगड्यासाठीच प्रसिद्ध होता. १८३० मध्ये तेथील शिस्तप्रिय अधीक्षकाला एका कारागिराने गोळी घालून ठार केले.

काडतुसाची जागा

१८५७ च्या उठावात ज्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, ती बंदूक तोंडाकडून भरायची होती. काडतूस कागदाचे असे. ते फाडून दारू आणि गोळी नळीत ठासत. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मागून भरण्याच्या बंदुका आणि धातूची काडतुसे आली, आणि ‘नेमके बसणे’ या शब्दांना नवा अर्थ आला.

मागून भरण्याच्या रायफलीत नळी आट्यांनी मुख्य सांगाड्यात घट्ट बसवलेली असते. नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाची कोठी, म्हणजे चेंबर, असते. काडतूस तीत सरकवले की बोल्ट मागून दार बंद करतो. आता काडतूस पुढे जाताना ज्या जागी अडते ती जागा आणि बोल्टचा पुढचा चेहरा यांच्यामधले अंतर महत्त्वाचे ठरते. याला कारखान्यात ‘हेडस्पेस’ म्हणतात. आपण त्याला ‘काडतुसाची जागा’ म्हणू.

ही जागा कमी असेल तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त असेल तर काय होते, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. गोळी सुटताना काडतुसात हजारो वातावरणांइतका दाब निर्माण होतो. काडतुसाचे कवच पितळेचे असते. त्याचा पुढचा पातळ भाग फुगून कोठीच्या भिंतीला चिकटतो, आणि त्यामुळेच वायू मागे येत नाही. पण त्याच वेळी कवचाचा जाड बुडखा मागे ढकलला जातो आणि बोल्टला टेकेपर्यंत सरकतो. पुढचा भाग चिकटलेला, मागचा सरकणारा. मधले पितळ ताणले जाते. फट थोडी असेल तर पितळ ते सहन करते. फट मोठी असेल तर ते फाटते आणि तप्त वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, येतो. तोफेच्या फटीमुळे नेम चुकत असे, या फटीमुळे डोळा जाऊ शकतो.

भारतीय सैन्याने आणि पोलिसांनी अनेक दशके वापरलेल्या ०.३०३ इंची ली-एनफील्ड रायफलीचे उदाहरण घेऊ. तिच्या काडतुसाच्या बुडाला काठ असतो आणि काडतूस त्या काठावर अडते. तपासणीसाठी दोन गेजे प्रचलित होती. ०.०६४ इंचाच्या (सुमारे १.६३ मिमी) गेजावर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या (सुमारे १.८८ मिमी) गेजावर बंद होता कामा नये. दोहोंतील फरक पाव मिलिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या जाडीइतका. तेवढ्यात रायफल वापरायची की बाजूला ठेवायची याचा निकाल लागे.

नळी आट्यांवर बसते हे लक्षात घेऊन एक उदाहरण सोडवता येईल. समजा दोन आट्यांमधले अंतर २ मिमी आहे. पूर्ण फेऱ्याला नळी २ मिमी पुढे सरकेल, तर पाव मिलिमीटरसाठी किती फिरवावी लागेल? एक अष्टमांश फेरा, म्हणजे ४५ अंश. स्क्रूगेजचे तत्त्व शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल. नळी घट्ट बसली आहे असे हाताला वाटणे आणि जागा बरोबर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्यातून कळते.

गंमत अशी, की सुटे भाग बदलण्याची कल्पना शंभर वर्षे मुरल्यानंतरही येथे थोडी तडजोड करावीच लागली. दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर ४’ ली-एनफील्डच्या बोल्टचे पुढचे डोके सुटे असे आणि ते ० ते ३ अशा क्रमांकांत, किंचित वाढत्या लांबीचे मिळे. सांगाडा, नळी आणि बोल्ट यांपैकी प्रत्येकाची चूक मर्यादेत असली तरी तिघांच्या चुका एकाच दिशेने साठू शकतात. मग शस्त्रशाळेतला कारागीर गेज लावून योग्य क्रमांकाचे डोके निवडी. चुकांची बेरीज होते, हा धडा कोणत्याही प्रयोगवहीला लागू आहे.

महाराष्ट्राचा या साखळीशी जवळचा संबंध आहे. पुण्याजवळ खडकी येथे काडतुसांचा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ चा. रायफली मात्र दूर बंगालमध्ये ईशापूरला तयार होत. वरणगावच्या कामगाराने ईशापूरची कोठी कधी पाहिलेली नसे, आणि ईशापूरच्या कामगाराला वरणगाव नकाशात शोधावे लागले असते. तरी एकाचे काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत बसे, आणि तिसऱ्याच गावचा जवान त्या दोघांवर विश्वास ठेवून चाप ओढी. २०२१ मध्ये हे सरकारी कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले गेले. खडकी-वरणगाव एका कंपनीत गेले, तर ईशापूर दुसऱ्या. गेजाचा करार मात्र मोडता येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अमेरिकेत काही हौशी लोक घरी रायफल जुळवतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. वर दिलेल्या कारणासाठी ते धोक्याचेही आहे. आपल्याला हवे आहे ते त्यामागचे विज्ञान.

गेजाचे गेज

हजारो गेजे वापरली तर ती झिजतात. मग गेज बरोबर आहे हे कोण सांगणार? हा प्रश्न स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील रायफल कारखान्यातील कार्ल एडवर्ड योहान्सन या तपासनिसाला पडला. १८९४ मध्ये तो माउझर रायफलींचे उत्पादन पाहायला जर्मनीत ओबर्नडॉर्फला गेला होता. प्रत्येक मापासाठी वेगळा पोलादी ठोकळा करणे किती खर्चाचे आहे हे त्याला तेथे दिसले. त्याने उलटा विचार केला. मोजके ठोकळे असे निवडायचे, की ते एकावर एक ठेवून कोणतेही माप मिळावे. आपल्या पाच, दोन आणि एक किलोच्या वजनांसारखेच हे. घरी बायकोच्या शिवणयंत्रात बदल करून त्याने ठोकळे घासण्याचे यंत्र बनवले.

त्याच्या प्रसिद्ध संचात १०२ ठोकळे होते. १.०१ ते १.४९ मिमी असे ४९, अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने ०.५ ते २४.५ मिमी असे ४९, आणि २५, ५०, ७५, १०० मिमीचे चार. यांतून शतांश मिलिमीटरच्या टप्प्याने सुमारे २०,००० मापे जुळवता येतात. मुलांना ३७.४६ मिमी जुळवायला सांगावे. उत्तर : १.४६ + ११ + २५. आज आपल्या कारखान्यांत ‘स्लिप गेज’ म्हणतात ते हेच.

इतक्या बारीक मापात उन्हाळाही आडवा येतो. पोलादाची एक मीटर लांबी एक अंश सेल्सिअसने सुमारे ११.५ मायक्रोमीटर वाढते. लांबी मोजण्याचे प्रमाण तापमान २० अंश ठरले आहे. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांवर गेला, तर १०० मिमीचा ठोकळा ०.०२३ मिमी वाढतो. म्हणून गेजे तपासण्याच्या खोल्या थंड ठेवतात. तेथील गारवा माणसांसाठी नसून पोलादासाठी असतो.

दुसरी अडचण आकाराची. १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रज तंत्रज्ञाने एक नियम मांडला. ‘जाते’चे गेज वस्तूच्या पूर्ण आकाराचे हवे आणि ‘जात नाही’चे गेज एका वेळी एकच माप तपासणारे हवे. का? पुन्हा चाळणीकडे पाहू. तांदळाचा लांब दाणा उभा राहिला तर बारीक भोकातून जातो. चाळणीने त्याची जाडी तपासली, लांबी तपासलीच नाही. गेजही असेच फसू शकते.

वाळूज आणि वर्ग

बंदुकीच्या कारखान्यात वाढलेली ही पद्धत शिवणयंत्रे, सायकली, मोटारी या वाटेने आपल्याकडे आली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी अनेक छोटी वर्कशॉपे आसपास उभी राहिली. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूममध्ये तरुणांना नेमके काम शिकवले जाऊ लागले. इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणणाऱ्या जुन्या फिटरच्या मुलाच्या हाती मायक्रोमीटर आला. तेथील भोके तपासणाऱ्या प्लग गेजाच्या दोन टोकांवर आजही ‘गो’ आणि ‘नो-गो’ हेच दोन शब्द असतात.

पण गेजाची एक मर्यादा आहे. जॉब नाकारला, एवढेच ते सांगते. किती चुकला आणि का चुकला हे सांगत नाही. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट याने १९२४ मध्ये नियंत्रण-आलेख मांडला तो याचसाठी. मोजलेले आकडे क्रमाने मांडले, तर यंत्र बिघडायला लागल्याचे माल नाकारला जाण्याआधीच कळते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आला होता.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग असा. खराट्याच्या पंचवीस-तीस काड्या सारख्या लांबीच्या तोडून घ्याव्यात. पुठ्ठ्याला दोन खाचा पाडाव्यात, एक किंचित रुंद, दुसरी किंचित अरुंद. प्रत्येक काडी रुंद खाचेतून जाते का आणि अरुंद खाचेत अडते का, ते पाहून काड्यांचे तीन गट करावेत : जाड, बारीक आणि योग्य. मग योग्य ठरलेल्या काड्या बॉलपेनच्या रिकाम्या सरळ नळीतून घालून पाहाव्यात. नळी साधारण रुंद खाचेएवढ्याच व्यासाची निवडावी. वाकड्या काड्या खाचेतून जागोजागी सहज गेल्या असतील, पण नळीत अडतील. टेलरचा नियम मुलांना फळ्यावर न लिहिता कळेल. शेवटी काही काड्या व्हर्निअरने मोजून आकडे लिहावेत आणि विचारावे : गेजाने जे सांगितले नाही ते आकड्यांनी काय सांगितले?

शिक्षकांनी हा प्रश्न स्वतःलाही विचारावा, असे आम्हाला वाटते. पस्तीस गुणांची रेषा हेही एक ‘नो-गो’ गेजच आहे. चौतीसवाला आणि चारवाला तिच्यासमोर सारखेच अडतात. काडतुसाच्या बाबतीत असा निकाल पुरेसा असतो, कारण अडलेले काडतूस टाकून देता येते. मुलाच्या बाबतीत तपासणीचे खरे काम त्या निकालानंतर सुरू होते : किती चुकले, कोठे चुकले आणि चूक कोणत्या दिशेने सरकते आहे.